घोड्यांच्या जठरातील व्रण : उपचार आणि देखरेख

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आजाराची माहिती सर्वसामान्य वाचकांना समजेल अशा भाषेत द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत. या खेपेस घोड्यांच्या जठरातील व्रण, म्हणजे ज्यास आपण सामान्यतः अल्सर म्हणतो, हा विषय निवडला आहे. या आजाराचा उपचार दीर्घ मुदतीचा व खर्चिक आहे. शिवाय घोडा चांगला दिसू लागल्यानंतरही त्याची पुन्हा तपासणी करणे आवश्यक असते. “जनावर खाऊ-पिऊ लागले, मग आता आणखी खर्च कशासाठी?” असा प्रश्न मालक विचारतात, आणि देणगीदारांच्या मनातही तो येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. तथापि घोड्याच्या श्रमावर चालणारे संसार त्यामुळे संपलेले नाहीत. माथेरानमध्ये प्रवासी व सामान वाहणारे घोडे आहेत, महाबळेश्वर व पाचगणी येथे पर्यटकांना फिरविणारे आहेत, लग्नाच्या वरातीत मिरविणारे आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या शर्यतींत धावणारेही आहेत. या सर्वांच्या राहणीत महदंतर असले तरी जठर मात्र सर्वांचे एकसारखेच आहे, आणि ते निसर्गाने एका विशिष्ट प्रकारच्या जीवनासाठी घडविलेले आहे.

जठराची रचना

बैल किंवा गाय भराभर चारून घेते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारणतः ८ ते १५ लिटर क्षमतेचे असते. मोकळ्या रानात तो दिवसाचे सोळा-सतरा तास थोडे थोडे गवत खुडत चालतो. या सवयीला अनुसरून त्याच्या जठरात आम्लाचा पाझर अखंड चालू असतो. माणसाच्या पोटात आम्ल मुख्यत्वे जेवणाच्या निमित्ताने वाढते, तर घोड्याच्या पोटात ते त्याने खाल्ले तरी व न खाल्ले तरी तयार होतच राहते.

या आम्लाचा उतारा निसर्गाने लाळेत ठेवला आहे. लाळेत बायकार्बोनेट असते व ते आम्लाची तीव्रता कमी करते. परंतु घोड्याची लाळ केवळ चावण्याच्या क्रियेने सुटते. नुसता चारा दिसल्याने किंवा त्याच्या वासाने ती सुटत नाही. गवत चावण्यास वेळ लागतो, म्हणून लाळ भरपूर सुटते. दाणा थोड्या वेळात गिळला जातो, म्हणून लाळ कमी सुटते. चावणे थांबले की लाळ थांबते, आम्ल मात्र थांबत नाही. या आजाराचे मूळ या एका गोष्टीत आहे.

जठराच्या आतील अस्तराचे दोन भाग असतात. वरचा सुमारे एक-तृतीयांश भाग अन्ननलिकेसारख्या पांढुरक्या अस्तराचा असून आम्लापासून बचाव करण्याचे साधन त्यास जवळजवळ नाही. खालचा भाग ग्रंथियुक्त व गुलाबी असून तो आम्ल तयार करतो. त्याच्यावर श्लेष्म्याचा थर असल्यामुळे तो स्वतःच्या आम्लाने सहसा भाजत नाही. दोहोंच्या मध्ये एक स्पष्ट कड असते. वरच्या भागातील बहुतेक व्रण या कडेलगत आढळतात.

व्रण कसे होतात

पूर्वी घोड्याच्या जठरातील सर्व व्रणांना एकच आजार मानीत. २०१५ साली युरोपातील अश्ववैद्यक तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एकमत-निवेदनात वरच्या अस्तराचा आजार व खालच्या ग्रंथियुक्त अस्तराचा आजार हे दोन वेगळे विकार मानावेत, असे सुचविण्यात आले. त्यांची कारणे निराळी आहेत व उपचारांना मिळणारा प्रतिसादही निराळा आहे.

वरच्या भागाचे व्रण हे आम्लाने भाजल्याचे व्रण होत. जठरात गवताचा थर असेल तर आम्ल तळाशी राहते. पोट रिकामे असताना घोडा दौडला की पोटातील दाब वाढतो, जठर आकुंचन पावते व तळाचे आम्ल वरच्या उघड्या अस्तरावर चढते. दाण्यातील पिष्टमय पदार्थांवर जठरातील जंतूंची क्रिया होऊन आणखी काही आम्ले तयार होतात व ती या इजेत भर घालतात. त्यामुळे नियमित तालमीत असलेल्या थरोब्रेड शर्यतीच्या घोड्यांपैकी ८० ते १०० टक्के घोड्यांत असे व्रण आढळल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत नमूद आहे. उपासाचा परिणाम किती त्वरेने होतो हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखविले. घोड्यांना एक दिवस उपाशी व एक दिवस चारा, असे आलटून-पालटून ठेवले असता, उपासाचे एकूण ९६ तास भरेपर्यंत त्यांच्या जठरात व्रण झाले होते. म्हणजे यास काही महिने लागत नाहीत, एक आठवडा पुरतो.

खालच्या भागाचे व्रण मात्र अस्तराची स्वाभाविक संरक्षक शक्ती कमी झाल्याने होतात. ती का कमी होते याची सर्व कारणे अद्याप उलगडलेली नाहीत. आठवड्यातून पाचपेक्षा अधिक दिवस काम, विश्रांतीचा अभाव आणि मानसिक ताण यांचा संबंध अभ्यासांत दिसून आला आहे. फेनिलब्युटाझोनसारख्या वेदनाशामक औषधांचा अतिरेकही जठरास अपायकारक असतो. माणसातील जठरव्रणांना हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पुष्कळ अंशी कारणीभूत असतो, व त्याच्या शोधाबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्यांत अशा जंतूचा कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. म्हणून माणसाच्या धर्तीवर घोड्यास सरसकट प्रतिजैविके देणे योग्य नव्हे.

ओळखावे कसे

या आजाराला स्वतःचे असे एकही खात्रीचे लक्षण नाही. घोडा चंदी अर्धवट टाकतो, मात्र गवत खात राहतो. तो हळूहळू रोडावतो आणि त्याच्या अंगावरची तकाकी जाते. तंग आवळताना तो कान मागे टाकतो, चावायला वळतो किंवा पाय आपटतो. पुढे चालण्यास कुरकुरतो, वरचेवर जांभया देतो, आणि खाल्ल्यानंतर अधूनमधून सौम्य पोटदुखी दाखवतो. शिंगरांमध्ये दात खाणे, तोंडातून लाळ गळणे व पाठीवर उताणे पडून राहणे ही लक्षणे दिसतात, व ती गंभीर समजावीत.

असा घोडा पुष्कळदा खोडकर किंवा कामचुकार ठरतो व त्यास चाबूक मिळतो. आमचे सांगणे एवढेच आहे की, पूर्वी शांत असलेला घोडा तंग आवळताना चावू लागला तर त्याच्या स्वभावाचा निवाडा करण्याआधी त्याच्या पोटाची, पाठीची व खोगिराची तपासणी व्हावी.

एक इशारा येथेच देणे अगत्याचे आहे. घोड्यास उलटी होत नाही. तो वारंवार लोळत असेल, घामाघूम झाला असेल, सारखा कुशीकडे वळून पाहत असेल किंवा त्याची लीद बंद झाली असेल, तर तो तीव्र पोटशूळ समजावा व विनाविलंब पशुवैद्यास बोलवावे. अशा वेळी नळकांड्याने तेल किंवा काढा जबरदस्तीने पाजू नये. तो श्वासनलिकेत उतरून फुप्फुसास जीवघेणी इजा होऊ शकते.

दुर्बिणीची तपासणी

व्रण आहे किंवा नाही, तो कोठे आहे व किती खोल आहे, हे केवळ दुर्बिणीने पाहिल्यावरच कळते. लिदीतील रक्ताच्या तपासणीवर याबाबत विसंबता येत नाही. मोठ्या घोड्याकरिता सुमारे ३ मीटर लांबीची लवचिक दुर्बीण लागते. घोड्यास १२ ते १६ तास वैरण व दाणा देत नाहीत व पाणीही तपासणीपूर्वी काही तास बंद ठेवतात. ठाणावरचा पेंढा त्याने खाऊ नये म्हणून तो काढून घेतात किंवा घोड्याला मुसके बांधतात. पोटात चारा राहिला तर जठराचा तळ व पुढे आतड्याकडे जाणारे तोंड दिसत नाही, आणि ग्रंथियुक्त भागाचे व्रण प्रामुख्याने तेथेच असतात. गुंगीचे इंजेक्शन देऊन घोड्यास उभे ठेवूनच नाकपुडीवाटे दुर्बीण आत नेतात, जठरात हवा भरून ते फुगवितात व सर्व बाजूंनी पाहतात.

वरच्या भागाच्या व्रणांची ० ते ४ अशी प्रतवारी करतात. ० म्हणजे निरोगी अस्तर, १ म्हणजे अस्तर अखंड पण पिवळसर व जाड झालेले, २ म्हणजे लहान व्रण, ३ म्हणजे मोठा किंवा विस्तृत पण उथळ व्रण, आणि ४ म्हणजे विस्तृत व जागोजागी खोल गेलेले व्रण. खालच्या भागाला ही प्रतवारी लावीत नाहीत. तेथे व्रणाची जागा, तो सपाट आहे की उंचवट्याचा, त्यातून रक्त येते काय, याचे वर्णन लिहून ठेवतात. ही नोंद जपून ठेवणे महत्त्वाचे असते, कारण पुढील तपासणीत तुलना तिच्याशीच करावयाची असते.

औषधोपचार

आम्लाचे उत्पादन कमी करणारे ओमेप्राझोल हे या आजारातील मुख्य औषध होय. घोड्यांसाठी तयार केलेल्या त्याच्या मलमवजा औषधास अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. त्याची प्रचलित मात्रा शरीराच्या दर किलो वजनास ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, अशी आहे. डोंगरी भागातील २५० किलो वजनाच्या घोड्यास याप्रमाणे दिवसाला १००० मिलिग्रॅम औषध लागेल. माणसासाठीच्या २० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलांचा हिशेब केल्यास या दिवसाला ५० कॅप्सुला होतात. खर्चाचे मान यावरून ध्यानात यावे.

हे औषध आम्लातच नष्ट होते, म्हणून त्याच्या दाण्यांवर संरक्षक आवरण असते किंवा आम्लरोधक द्रव्यात ते मिसळलेले असते. कॅप्सूल फोडून आतील दाणे कुटून चंदीत मिसळले तर आवरण फुटते व औषध वाया जाते. विशिष्ट आवरणाच्या दाण्यांची मात्रा उपरोक्त मात्रेहून कमी असू शकते. म्हणून कोणत्या स्वरूपातील औषध किती द्यावयाचे हे पशुवैद्यानेच ठरवावे. औषध सकाळी उपाशीपोटी द्यावे व त्यानंतर अर्धा ते एक तासाने वैरण घालावी.

वरच्या भागाचे सुमारे तीन-चतुर्थांश व्रण चार आठवड्यांत भरून येतात. ग्रंथियुक्त भागाचे मात्र केवळ ओमेप्राझोलने तेवढ्या काळात सुमारे एक-चतुर्थांशच बरे होतात. म्हणून तेथे सुक्राल्फेट हे औषध दर किलो वजनास १२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जोडीस देतात. ते व्रणावर लेप धरते. मिसोप्रोस्टॉल या औषधाचाही चांगला उपयोग होतो, परंतु ते गर्भवती स्त्रियांना अपायकारक असल्याने त्यांनी ते हाताळू नये, ही सूचना आम्ही मालकाच्या घरी आवर्जून पोहोचवितो.

खायचा सोडा किंवा तत्सम आम्लनाशक दिल्याने बरे वाटल्यासारखे दिसते, पण त्याचा परिणाम जेमतेम एक-दोन तास टिकतो. तसेच लंगडणाऱ्या घोड्यास फेनिलब्युटाझोन चालू ठेवून “पोटाच्या रक्षणासाठी” ओमेप्राझोल जोडले की काम भागते, असा समज आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या घोड्यांत जठराचे व्रण कमी दिसले, परंतु आतड्यांच्या गुंतागुंती वाढल्या. वेदनाशामकाची मात्रा व मुदत मर्यादित ठेवणे हाच त्यावरील खरा उपाय आहे.

वैरण, चंदी व काम

औषधाने व्रण भरतो, पण राहणी बदलली नाही तर तो परत येतो. घोड्यास दररोज शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का, कोरड्या वजनाने मोजलेली वैरण मिळाली पाहिजे. २५० किलोच्या घोड्यास ही ३ किलो ७५० ग्रॅम होते आणि ५ किलोपर्यंत दिल्यास उत्तम. दोन खाण्यांमध्ये सहा तासांहून अधिक अंतर पडू नये. संध्याकाळी सातला चंदी देऊन सकाळी सातपर्यंत रिकाम्या ठाणावर बांधून ठेवणे हे या आजाराला आमंत्रणच होय. रात्री उशिरा जाळीत गवत भरून ठेवले तर ते अंतर सहज कमी होते. केवळ पेंढ्यावर ठेवू नये. चांगल्या सुक्या गवताबरोबर थोडी लसूणघास दिल्यास तिच्यातील कॅल्शियम व प्रथिनांमुळे आम्लाची तीव्रता कमी होण्यास मदत होते. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे.

चंदीविषयी नियम असा की, एका वेळी दर किलो वजनास १ ग्रॅमपेक्षा व दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा अधिक पिष्टमय पदार्थ पोटात जाऊ नयेत. जवाच्या दाण्यात साधारण निम्मा भाग पिष्टाचा असतो. म्हणजे २५० किलोच्या घोड्यास एका वेळी अर्धा किलो व दिवसाला एक किलो जव ही कमाल मर्यादा समजावी. मालक मायेपोटी, “खूप दमला आहे” म्हणून, एकदम दोन-अडीच किलो दाणा समोर ठेवतो, तेव्हा ती माया पोटाला सोसत नाही. तोच दाणा तीन-चार वेळा विभागून, आधी गवत खाऊ घालून द्यावा.

कामावर काढण्यापूर्वी अर्धा तास घोड्यास थोडे गवत जरूर घालावे. आम्ल वर चढू न देणारा हा थर कोणत्याही औषधाहून स्वस्त आहे. पर्यटकांची वाट पाहत उभ्या असलेल्या घोड्याच्या तोबऱ्यात दाण्याऐवजी कापलेले गवत असावे. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती मिळावी, विशेषतः ग्रंथियुक्त भागाचा व्रण असलेल्या घोड्यास. लग्नसराईत एकामागून एक वराती, बँडचा गोंगाट व टेम्पोचा प्रवास यांमुळे खाण्याची वेळ टळते व ताणही वाढतो. दोन वरातींच्या दरम्यान घोड्यास शांत जागी गवत मिळेल, एवढी तरी व्यवस्था मालकाने करावी.

देखरेख

घरी ठेवावयाची देखरेख सोपी आहे, मात्र ती रोजची आहे. मालकाने किंवा मोतद्दाराने एका वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात : चंदी संपविली की टाकली, लीद किती वेळा व कशी, तंग आवळताना काय केले, पोटदुखीची चिन्हे दिसली काय, औषध किती वाजता दिले. दर पंधरा दिवसांनी वजनाचा अंदाज घ्यावा. काटा नसेल तर टेपाने मोजावे. पुढच्या पायांमागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. घेर १५० व लांबी १३० सेंटिमीटर असेल तर वजन सुमारे २४६ किलो येते. आकडा अगदी अचूक नसला तरी तो वाढतो आहे की घटतो आहे, हे निश्चित कळते.

परंतु वही दुर्बिणीची जागा घेऊ शकत नाही. औषध सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत घोडा खाऊ लागतो, तकतकीत दिसतो, मालक सुखावतो व औषध थांबवितो. वेदना आधी कमी होते, व्रण नंतर भरतो. या दोहोंमधील दोन-तीन आठवडे हेच सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून वरच्या भागाच्या व्रणासाठी सुमारे चार आठवड्यांनी, व ग्रंथियुक्त भागाच्या व्रणासाठी त्याहून अधिक उपचारांनंतर, पुन्हा दुर्बिणीने पाहून मगच औषध बंद करावयाचे किंवा बदलावयाचे हे ठरविले जाते. बंद करतानाही ते एकदम न थांबविता मात्रा क्रमाने कमी करण्याकडे आमचा कल असतो, कारण अचानक थांबविल्यास आम्लाची उसळी येऊ शकते. ज्याचे काम फिरून सुरू व्हावयाचे आहे अशा घोड्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने दर किलो वजनास १ मिलिग्रॅमची प्रतिबंधक मात्रा काही काळ देता येते.

आमचे निवेदन

प्रारंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. दुसरी तपासणी न करता सोडलेला घोडा अर्धवट भरलेला व्रण घेऊन पुन्हा चढावर ओझे वाहू लागतो. काही आठवड्यांत तो परत येतो, आणि पहिल्या उपचाराचा सर्व खर्च व्यर्थ जातो. उपचाराच्या काळात मालकाची रोजची मिळकत थांबलेली असते. ज्याचे घर एकाच घोड्यावर चालते त्याला “महिनाभर काम बंद” हे शब्द औषधाच्या किमतीहून जड वाटतात, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच दुर्बीण, चार आठवड्यांचे औषध व शक्य तेथे वैरण यांचा भार दात्यांच्या साहाय्याने हलका व्हावा, अशी आमची इच्छा आहे. वैरणीसाठी दिलेली देणगी ही या आजाराच्या बाबतीत औषधासाठी दिलेल्या देणगीइतकीच मोलाची आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होईल.

घोडेमालक बंधूंना आमची विनंती अशी की, घोड्याचे पोट रिकामे ठेवून त्यास कामाला जुंपू नये, व त्याच्या बदललेल्या वागण्याकडे खोड म्हणून न पाहता तक्रार म्हणून पाहावे. तपासणीसाठी घोडा आणताना उपासाच्या वेळेची आधी चौकशी करावी व जवळची वही सोबत आणावी. मुक्या जनावराची हकीकत वैद्यास सांगणारे मालक व मोतद्दार हेच असतात. त्यांनी ती नेमकेपणाने सांगितली, तर आमचे निम्मे काम होते.